एकाहत्तरावं पान

मी एक नमुना आहे. हसू नका. माणसांत ‘नमुना’ म्हटलं की लोक गालात हसतात, पण पुस्तकांत तो हुद्दा असतो. टेबलावर रचलेल्या कोऱ्या प्रतींच्या पुढे एक उघडी प्रत ठेवतात. येईल त्यानं ती हाताळावी, चाळावी, वास घ्यावा आणि परत ठेवून चालतं व्हावं. ती प्रत मी. माझ्या पहिल्याच पानावर शिक्का आहे, ‘नमुना प्रत, विक्रीसाठी नाही’. म्हणजे बघायला सगळे येणार आणि पसंत करून कोणीच नेणार नाही, हे माझ्या जन्माच्या वेळीच ठरलेलं.

माझं नाव ‘मन बरं तर सगळं बरं’. मला लिहिणारा शाळेत व्यायाम शिकवायचा. कधीतरी त्याची झोप उडाली, छातीत धडधड सुरू झाली. मग तो श्वासाकडे लक्ष देऊन शांत बसायला शिकला आणि सावरला. जे केलं तेवढंच त्यानं लिहिलं. माझ्यात खोटं एक अक्षर नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन, म्हणजे छाती असती तर.

छापण्याआधी त्यानं मला एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सगळं वाचून म्हटलं, “चांगलं आहे. पण एक वाक्य घाला. चालू असलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. हे वाक्य हवंच.” त्यानं लगेच घातलं. एकाहत्तराव्या पानाच्या तळाशी जागा होती, तिथे घातलं.

छापखान्यातला माणूस म्हणाला, “साहेब, शेवटचा शब्द पुढच्या पानावर जातोय. ओढून घेऊ का?”

“असू दे हो,” लेखक म्हणाला. त्याला माझं तोंड बघायची घाई झाली होती. “लोक पान उलटतातच की.”

तर अशी मी जन्मले.

पुस्तक लिहिणं एक आणि विकणं एक. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण या माणसाच्या जिभेला कुलूपच होतं. व्यायामशाळेच्या दारात, वाचनालयाच्या जिन्याखाली, सोसायटीच्या आवारात तो टेबल मांडून उभा राहायचा आणि कोणी जवळ आलं की भलतीकडेच बघायचा. “घ्या” हा एवढासा शब्द त्याच्या तोंडून फुटत नसे.

त्याला तारलं त्याच्या ताईनं. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनंच त्याला वाढवलेलं. ती त्याला अजून बारक्या म्हणायची. त्याचं कुठेही व्याख्यान असलं की ताई पहिल्या रांगेत, अगदी परकी बाई असल्यासारखी. बोलणं संपलं की उठून खड्या आवाजात विचारायची, “अहो सर, हे पुस्तक मिळेल कुठे?” मग टेबलाशी येऊन मला उचलायची, चार पानं चाळायची आणि म्हणायची, “वा! दोन द्या.” तिच्यामागे रांग लागायची. तिच्या कपाटात माझ्या किती बहिणी साठल्या होत्या कोण जाणे! घरी आल्यावर दोघं पोट धरून हसत.

आता एक सांगते, घाबरू नका. पुस्तक हातात धरलं की माणसाचा अंगठा पानावर टेकतो आणि त्या अंगठ्यात रक्ताचा ठोका असतो. तो मला ऐकू येतो. कोणाचा घोड्यासारखा दौडतो, कोणाचा दमलेल्या हमालासारखा चढ चढतो. माणूस तोंडानं “छे हो, मला काही होत नाही” म्हणत असतो आणि अंगठा माझ्या कानात खरं सांगत असतो. ताईचा ठोका चुकायचा. दोन नीट, मग एक गायब, मग दोन घाईघाईनं. त्याच्यासाठी ती रोज गोळ्या घ्यायची. गोळ्यांनी तो बराच वळणावर असायचा.

मग लेखकाच्या बायकोनं मनावर घेतलं. “असं टेबल मांडून जन्म जाईल तुमचा. आता सगळं फोनवर असतं,” ती म्हणाली. तिनं मला खिडकीपाशी नेलं, शेजारी चहाचा कप ठेवला, एकाहत्तरावं पान उघडलं आणि ते मिटू नये म्हणून तळहातानं जोरात दाबलं. माझी पाठ कडकन मोडली. तेव्हापासून मला कुठूनही उघडा, मी तिथेच उघडते. तिनं फोटो काढला आणि ओळखीच्या सगळ्यांना फोनवर पाठवून दिला. ती चांगली बाई आहे. वाक्यं छोटी होती, ऊन छान पडलं होतं, म्हणून तिनं ते पान निवडलं. त्या पानावर शेवटी असं होतं:

‘मन ठरवतं, शरीर ऐकतं. आजपासून भीती सोडू. राग सोडू. चालू असलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू’

पान तिथे संपत होतं. शेवटी पूर्णविराम नव्हता, पण पूर्णविरामाकडे बघतं कोण? आपल्या भाषेत नकार शेवटी येतो. आधी सगळं वाक्य बोलून होतं आणि मग ‘नका’ हा शब्द येतो, पाहुणे जेवून उठल्यावर आलेल्या वाढप्यासारखा. इथे तर तो पानापलीकडे बसला होता.

फोटो पसरला. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं दहांना. दारावर माणसं येऊ लागली, पुस्तकांचे गठ्ठे हलू लागले. लेखकाच्या जिभेचं कुलूप आपोआप निघालं. त्याला वाटलं, आपल्या शब्दांना दिवस आले. त्यानं तो फोटो बघितलाही होता, पण स्वतः लिहिलेलं वाक्य माणूस डोळ्यांनी वाचत नाही, आठवणीनं वाचतो. त्याला तिथे नसलेलं ‘नका’ दिसत होतं.

मला मात्र टेबलावर वेगळंच जाणवायला लागलं. लोक मला उचलत, मी एकाहत्तरावर उघडे. ते तळापर्यंत वाचत, ओठ हलत, आणि अगदी हळू आवाज येई, “...बंद करू.” पान कोणी उलटत नसे. मला मिटून ते हसऱ्या चेहऱ्यानं निघून जात. काही अंगठे पुन्हा आले. ते गार पडलेले असायचे, आणि आतला ठोका लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा. “किती छान वाटतंय म्हणून सांगू!” तीच माणसं लेखकाला सांगत. काही अंगठे पुन्हा आलेच नाहीत.

ताईचा ठोकाही बिघडला. एक नीट, मग लांब शांतता, मग एकदम पाचसहा, एकमेकांना ढकलत. पण चेहरा असा तुकतुकीत की लेखक म्हणाला, “ताई, तू तर तरुण व्हायला लागलीस.” ती नुसती हसली. काहीतरी पोटात ठेवून हसली.

मग त्या मोठ्या सभागृहातला कार्यक्रम झाला. पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटी तो नेहमीसारखा म्हणाला, “डोळे मिटा. मी म्हणतो ते माझ्यामागून म्हणा. भीती सोडू.”

“भीती सोडू,” सभागृह म्हणालं.

“राग सोडू.”

“राग सोडू.”

तो पाणी प्यायला थांबला. सभागृह थांबलं नाही.

“चालू असलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू.”

एका सुरात, शाळेत पाढे म्हणावेत तसं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, सगळ्यांच्या ओठांवर तेच हसू. पेला त्याच्या हातात तसाच राहिला.

“काय म्हणालात?” त्यानं विचारलं.

“काय म्हणालात,” मिटल्या डोळ्यांनी सभागृह म्हणालं.

पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं डोळे किलकिले करून फोन वर धरला. “सर, हेच ना? आम्ही घरी सगळे रोज म्हणतो.”

त्यानं फोटो वाचला, पहिल्यांदा डोळ्यांनी वाचला. मग झडप घालून मला उचललं. मी एकाहत्तरावर उघडले. त्यानं पान उलटलं. वरच्या कोपऱ्यात ‘नका’ बसलं होतं, एकटं. त्याच्या अंगठ्यातला ठोका असा सुटला होता की मला मोजता येईना. “नका! बंद करू नका, पुढे नका आहे!” तो ओरडला. लोकांनी डोळे उघडले आणि टाळ्या वाजवल्या.

तेव्हा त्याचं लक्ष पहिल्या रांगेकडे गेलं. ताईची खुर्ची रिकामी होती.

भर दुपारी तो मला काखेत मारून तिच्या घरी पोचला. दार नुसतं लोटलेलं होतं. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. बाजूच्या स्टुलावर गोळ्यांची डबी होती आणि तिच्या झाकणावर धूळ.

“अरे, कार्यक्रम सोडून आलास? मला आज जरा उठवेना, म्हणून राहिले रे.”

“ताई, गोळ्या घेतेस ना तू?”

“त्या केव्हाच बंद केल्या.”

“कोणी सांगितलं तुला?”

“कोणी म्हणजे? तूच. सगळं जग तुझं ऐकतंय, आणि मी सख्खी बहीण ऐकायची नाही होय?” ती दमानं, थांबत थांबत बोलत होती. “तुला आत्ताच सांगणार नव्हते. म्हटलं, पूर्ण बरी होईन आणि मग भर सभेत उठून सांगेन. इतके दिवस परकी बाई होऊन खोटंखोटं बोलले ना, आता खरं बोलता येईल. सांगेन, मी याची ताई, आणि मी याच्या पुस्तकानं बरी झाले. बघ मग किती खपतं ते.”

त्यानं मला तिच्या मांडीवर ठेवलं. “वाच. आणि पान उलट.”

तिनं चष्मा लावला, बोट धरून वाचलं. तळाशी आल्यावर पान उलटलं. “नका,” ती म्हणाली आणि थांबली. “अगंबाई! इथे ‘नका’ आहे की रे, बारक्या!”

आणि ती हसली. स्वतःचीच फजिती झाल्यावर मोकळेपणानं हसतात, तशी. तिचा अंगठा त्या शब्दावर होता. एक ठोका आला. मग बराच वेळ काही नाही. मग एक, अगदी बारीक.

“हसतेस काय? आत्ताच्या आत्ता घ्यायची गोळी. थांब, पाणी आणतो,” म्हणत तो आत गेला. माठावरचं झाकण वाजलं, पेला विसळल्याचा आवाज आला. तो आतून बोलतच होता, “संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊ. मी रजा काढतो. ऐकतेस ना?” बाहेर येऊन त्यानं डबीतून गोळी काढली, तिच्यापुढे वाकून म्हणाला, “ताई, आ कर.” चष्म्याआडचे तिचे डोळे माझ्याकडेच होते, ओठांवर हसू होतं. “कर ना आ,” तो पुन्हा म्हणाला. मला ते केव्हाच कळलं होतं, आणि सांगायला मला तोंड नव्हतं.

त्यानंतर विक्री बंद झाली. गठ्ठे पुढच्या खोलीत छतापर्यंत रचून ठेवले. बायकोनं रडत रडत फोटो काढून टाकला, पण तो तिच्या फोनमधून गेला एवढंच. ज्यांच्याकडे पोचला होता त्यांच्याकडून तो पुढे चाललाच होता. लेखकानं ‘नका’ घातलेलं नवं पान पाठवलं. ते कोणी पुढे पाठवलं नाही. नकाराला गिऱ्हाईक नसतं.

तो घरात कोणाशी बोलेना. ताई गेली हे शब्दही त्यानं उच्चारले नाहीत. लोक भेटायला आले की तो मला उघडून नुसतं ते पान उलटून दाखवायचा.

मग एक दिवस दारात एक बाई उभी राहिली, हातात फोन घेऊन. “सर, तुमचंच ना हे पुस्तक? माझ्या सासऱ्यांनी परवाच सगळ्या गोळ्या बंद केल्या. फार छान वाटतंय म्हणतात. आणखी चार प्रती हव्यात, नणंदेकडे द्यायला.”

“नका,” तो म्हणाला.

“नका म्हणजे? देत नाही का?”

त्यानं मला तिच्यापुढे धरलं, तिचा अंगठा धरून पान उलटवलं. तिनं वाचलं, मग फोनकडे बघितलं, मग पुन्हा मला वाचलं. तिच्या अंगठ्यातला ठोका जागच्या जागी दचकला. तिनं घरी फोन लावला. तो वाजत राहिला. वाजून बंद पडला. तिनं पुन्हा लावला. आम्ही तिघं त्या आवाजाकडे कान लावून उभे होतो.

शेवटी कोणीतरी उचलला. म्हातारा, झोपाळलेला आवाज. “काय गं? छान डोळा लागला होता.”

लेखकानं फोन तिच्या हातून घेतला. “गोळ्या सुरू करा. आत्ता.”

“कोण बोलतंय?”

“ते पुस्तक माझं आहे.”

“अहो, सर! केवढे उपकार तुमचे!” म्हातारा एकदम जागा झाला. “मनानं ठरवलं की सगळं होतं, काय?”

लेखकानं डोळे मिटले. “आजोबा, मी सर म्हणून बोलत नाही. एका बाईचा भाऊ बोलतोय. तिनं तुमच्यासारख्याच बंद केल्या होत्या. तिलाही असंच छान वाटत होतं.” त्यानं मला छातीशी धरलं. “माझी ताई गेली हो.”

पलीकडे खाट करकरली. मग म्हातारा हलक्या आवाजात म्हणाला, “सूनबाईला दे रे बाबा फोन. गोळ्यांची डबी कुठे ठेवलीय तिनं, विचारतो.”

त्या दिवसापासून तो मला घेऊन दारोदार फिरतो. विकत काहीच नाही. पान उघडतो, उलटतो, ‘नका’ दाखवतो आणि आपली गोष्ट सांगतो. माझी पानं सुटायला आली आहेत, एकाहत्तरावं तर दोऱ्याला लोंबतंय. ते गळून पडेल त्या दिवशी मला बोलता येणार नाही, म्हणून आजच सांगून ठेवते. त्यानं तुमचं दार वाजवलं तर काहीतरी विकायला आलाय समजून त्याला हाकलू नका. आणि तो पोचायच्या आत तो फोटो तुमच्या घरी आलेला असू शकतो. घरात कोणी आताशा फार शांत दिसत असेल, विचारल्यावर नुसतं छान वाटतंय म्हणत असेल, तर हे वाचणं इथेच सोडा. उठा आणि त्याला विचारा, आज गोळी घेतलीस का म्हणून.