राखीव गोलकीपर

माझा दादा बाबांच्या फुटबॉलला ‘कादंबरी’ म्हणतो. त्यानं तो शब्द काढला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. एकदा मी त्याच्या समोरचं ताटच ओढून घेतलं होतं, आणि तेव्हा आम्ही काही लहान नव्हतो, दोघांचेही केस पिकलेले होते. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. दिवसभर परक्या माणसांच्या चुका गोड बोलून पोटात घालते, त्यामुळे घरच्यांसाठी गोडवा शिल्लक राहत नाही, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

तर ती कादंबरी अशी. बाबा तरुणपणी शहरातल्या मोठ्या क्लबचे राखीव गोलकीपर होते. राखीव म्हणजे बाकावर बसून दुसऱ्याचा खेळ बघणारे. मुख्य गोलकीपरला सगळे ‘भिंत’ म्हणायचे. तो पठ्ठ्या ना कधी आजारी पडला, ना त्याचा कधी पाय मुरगळला. त्या काळी च्युइंगमच्या पाकिटात खेळाडूंची कार्डं यायची. पुढे हातानं रंगवलेला फोटो, त्याखाली नाव आणि मागे चार ओळींची माहिती. एका मोसमात कंपनीनं त्या क्लबच्या सगळ्या खेळाडूंची कार्डं काढायचं ठरवलं आणि सगळ्यांबरोबर बाबांचाही फोटो काढला. पण कार्डं दुकानात यायच्या आधीच बाबांना जहाजाच्या इंजिनखोलीत नोकरी लागली आणि ते निघून गेले. काही वर्षांनी परत आले तोवर कंपनीच बसली होती. एक जुना दोस्त त्यांना एवढंच म्हणाला की तुझं कार्ड निघालं होतं, नाव मी स्वतः वाचलं. त्या एका वाक्यावर बाबा खूश होते.

दादाचं म्हणणं, दोस्तानं थाप फेकली आणि बाबांनी झेलली, आयुष्यात तेवढा एकच बॉल त्यांनी झेलला. गेल्या वर्षी घरी पाहुणे होते आणि बाबांनी फोटो काढल्याची गोष्ट सुरू केली, तेव्हा दादा सगळ्यांसमोर म्हणाला, “बाबा, आता पुरे झाली ती कादंबरी.” सगळे हसले. बाबाही हसले. पण त्या दिवसापासून त्यांनी फुटबॉलचं नाव टाकलं. टीव्हीवर सामना लागला की उठून गॅलरीत जाऊन उभे राहतात आणि कोणी विचारलं तर पाय मोकळे करतोय म्हणतात. मला ते बघवत नव्हतं. मी ठरवलं, हे कार्ड शोधून दादाच्या नाकावर टिच्चून टेबलावर ठेवायचं, मग काय वाटेल ते होवो.

कार्डांच्या नादाला मी त्याच्या बऱ्याच आधी लागले होते. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे रविवारी सकाळी आम्ही जुनी कार्डं गोळा करणारे जमतो. गेले होते बाबांच्या कार्डासाठी आणि अडकले ती अडकलेच. बहुतेक सगळे माझ्याहून मोठे, कोणी रिटायर्ड, कोणी अर्धे रिटायर्ड, आणि एकदा का अल्बम उघडले की सगळे शाळेच्या मधल्या सुट्टीत असल्यासारखे भांडतात. कोणाला च्युइंगमचा वास आठवतो, तर कोणाला कार्डांपायी खाल्लेला आईचा मार. वर्तमानपत्रातले फोटो धुरकट असायचे आणि टीव्ही कोणाकडे नव्हता, त्यामुळे खेळाडू दिसतो कसा ते या पोरांना कार्डावरूनच कळायचं. त्या गोष्टी मी शंभरदा ऐकल्यात, तरी उठवत नाही. मला तिथे ‘ब्रेकबाई’ म्हणतात, कारण कोणी वाकडा सौदा करायला लागलं की मी मध्येच थांबवते.

खोलीचा नियम एकच, पैसे काढायचे नाहीत. कार्डाला कार्ड. दोघांनी आपापलं कार्ड मध्ये ठेवायचं, भिंगातून चारही कोपरे बघायचे, रंग फिका झालाय का, घडी पडलीय का, मागची छपाई तिरकी आहे का ते बघायचं. मग समोरच्याच्या कार्डावर तळहात ठेवायचा. हात ठेवला की व्यवहार संपला, पुन्हा रडगाणं गायचं नाही. आणि व्यवहार थोडा उन्नीस-बीस वाटला तर वर एक ‘भिंत’ टाकायची. भिंत सगळ्यांचा लाडका, सगळ्यांनी जपलेला, त्यामुळे त्याची कार्डं प्रत्येकाकडे ढिगानं. आमच्यातली चिल्लरच ती. मीही कितीतरी भिंती दिल्या आणि घेतल्या असतील.

राखीव गोलकीपरचं कार्ड मात्र कोणाकडेच दिसत नव्हतं. नको असलेली कार्डं पोरं सायकलच्या चाकात अडकवायची, चाक फिरलं की फटफट आवाज यायचा. राखीव गोलकीपर कोणाला हवा? तो सगळा चाकात गेला. मी हे बाबांना कधी सांगितलं नाही. आणि बाबांनीही माझा अल्बम कधी उघडला नाही. दाखवायला गेले की म्हणायचे, “माझं मिळालं की ये. बाकीच्यांची तोंडं मी रोज बघत होतो.”

शेवटी पत्ता लागला तो आमच्याच खोलीत. चष्मेवाले काका म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने. त्यांचं चष्म्याचं दुकान आता मुलगी बघते. त्या मोसमाचा अख्खा संच फक्त त्यांच्याकडे आहे, हे सगळे ऐकून होते, पण तो अल्बम ते कधी आणायचे नाहीत, म्हणून खरं कोणालाच वाटत नव्हतं. मी खनपटीला बसले तेव्हा एका रविवारी आणला. पांढरे हातमोजे घालून त्यांनी पान उलटलं आणि लांबूनच दाखवलं. कार्डाखाली बाबांचं नाव होतं, पूर्ण नाव, आडनावासकट. बाबा खोटं बोलत नव्हते, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. मी दुसरं काही पाहिलंच नाही.

मग मी त्यांचा पिच्छा सोडला नाही. आधी माझं सगळ्यात चांगलं कार्ड पुढे केलं, मग माझा अख्खा खोका टेबलावर उपडा केला आणि हवं ते घ्या म्हणाले. काका शांतपणे मान हलवत राहिले. संच फोडायचा म्हणजे त्यांच्या लेखी घर फोडण्यासारखं होतं. फोनवर फोटो काढू देईनात, उजेडानं रंग उडतो म्हणे. तसाही त्याचा उपयोग नव्हता, हल्ली फोनवर काहीही बनवतात हे दादाचं वाक्य मला आधीच ऐकू येत होतं. प्रत्येक रविवारी मी विचारायची आणि प्रत्येक रविवारी नकार घेऊन घरी यायची. अंगाचा तिळपापड व्हायचा, पण विचारणं सोडलं नाही. क्लच सुटेना म्हणून रडणाऱ्या बाईलाही मी गाडी शिकवलीय, हे तर एक म्हातारं माणूस होतं.

एका रविवारी मात्र जिना उतरताना माझं मलाच कळलं की मी चुकीचं मागतेय. कार्ड मला कशाला हवं होतं? ते बाबांनी बघायला हवं होतं, आणि दादानं. मी तशीच परत वर गेले.

“काका, कार्ड देऊ नका,” मी म्हणाले. “अल्बम घेऊन माझ्या घरी चला. तुमच्या मांडीवरच राहू दे. माझ्या बाबांचे गुडघे हा जिना चढू शकत नाहीत, नाहीतर त्यांनाच आणलं असतं.”

काका बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग त्यांनी विचारलं की गाडी कोण चालवणार. मीच, म्हटल्यावर जरा सैल झाले. पुढच्या रविवारी अल्बम मांडीवर धरून ते मागच्या सीटवर बसले आणि मी इतकी हळू गाडी चालवली की सायकलवाले मागून घंटा वाजवत होते. माझ्या शिकाऊंनी बघितलं असतं तर नावं ठेवली असती मला.

दादाला मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. बाबांना काहीच सांगितलं नव्हतं, फक्त दाढी करायला लावली होती. काकांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पंचा अंथरला, त्यावर अल्बम ठेवला, हातमोजे घातले आणि पान उघडून बाबांच्या पुढे सरकवलं. मी म्हणाले, “बाबा, हे घ्या तुमचं कार्ड.”

बाबांनी आधी नाव वाचलं. ओठ हलवत, एकेक अक्षर. मग चष्मा वर करून त्यांनी कार्ड जवळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“हा मी नाही,” ते म्हणाले. “ही भिंत आहे.”

मग दादानं वाकून पाहिलं आणि हसू दाबत म्हणाला की वा, नाव तुमचं आणि तोंड दुसऱ्याचं, आता कादंबरीचा दुसरा भाग निघाला. पण हसू अर्धवटच राहिलं, कारण बाबा त्याच्याकडे बघतच नव्हते. ते खुर्चीच्या दांड्याला धरून उठायला लागले होते, गॅलरीत जायला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढी ऊर फोडून धावले आणि आणलं काय, तर बाबांच्या हातात त्यांच्याच नावावर दुसऱ्याचं तोंड.

पण मी काही त्यांना जाऊ देणार नव्हते. मी त्यांचा खांदा दाबून खाली बसवलं आणि काकांना म्हणाले, नावं उलटसुलट छापली असतील, शेजारचं कार्ड दाखवा. त्याच पानावर शेजारी भिंतीचं कार्ड होतं, आमच्यातली चिल्लर, जे मी कितीदा कोपरे तपासून, हात ठेवून, देऊन मोकळी झाले होते. टोपी डोळ्यांवर ओढलेला, गाल गुलाबी रंगवलेला, दोन्ही हात पुढे करून उभा असलेला एक तरुण मुलगा. इतक्या वर्षांत मी त्या मुलाच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. कार्डवाल्यांपैकी कोणीच पाहिलं नव्हतं, तिथे नाव छापलेलं होतं ना.

बाबांनी पाहिलं.

“टोपी त्याचीच आहे,” ते म्हणाले. “टोपी एकच होती. आधी त्याचा फोटो काढला, मग त्यानं टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली.”

दादा पुटपुटला की हे तर कोणीही म्हणेल. मी त्याला काही बोलणार, तेवढ्यात बाबांनी डावा हात टेबलावर ठेवला. त्यांची करंगळी वाकडी आहे, वरच्या सांध्यातून बाहेर वळलेली. सरावात भिंतीनंच मारलेल्या बॉलनं ती मोडली होती, हाही कादंबरीचाच एक भाग. चष्मेवाले काकांनी खिशातून भिंग काढलं. आधी कार्डावरच्या हातावर धरलं, मग बाबांच्या हातावर, मग पुन्हा कार्डावर. त्या काळी गोलकीपर उघड्या हातांनीच खेळायचे. काकांनी भिंग दादाच्या हातात दिलं. दादानं पाहिलं आणि ते खाली ठेवताना त्याला मान वर करता येईना.

मला वाटलं होतं की त्या क्षणी मी दादाला चार शब्द सुनावीन, कधीपासूनचे पाठ करून ठेवले होते. एकही आठवला नाही. मला फक्त रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता.

काका मात्र टेबलाच्या पलीकडे उभे राहिले होते. त्यांनी गुडघे किंचित वाकवले, दोन्ही हात पुढे केले, हनुवटी खाली घेतली. सत्तरीचा माणूस, आमच्या स्वयंपाकघरात, पेनल्टीच्या तयारीत.

“लहानपणी मी हे कार्ड आरशाला लावून असा उभा राहायचो,” ते म्हणाले. “गल्लीतली सगळी पोरं अशीच उभी राहायची. आम्हाला वाटायचं, आम्ही भिंतीसारखे उभे राहतोय.” मग हात खाली घेऊन ते बाबांना म्हणाले, “तुमच्यासारखे उभे राहायचो आम्ही.”

बाबांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले की डावा पाय थोडा पुढे हवा, वजन बोटांवर, टाचेवर नाही. काकांनी पाय पुढे घेतला. बाबांनी मान डोलावली.

त्यानंतर काकांनी जे केलं ते मी आमच्या खोलीत सांगितलं तेव्हा कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. त्यांनी ते भिंतीच्या नावाचं कार्ड प्लास्टिकमधून बाहेर काढलं, बाबांसमोर ठेवलं आणि खिशातलं पेन उघडून पुढे केलं. जुन्या कार्डावर पेन चालवणं म्हणजे आमच्यात खून. मी मध्ये पडायला गेले, माझ्या तोंडून सवयीनं ‘थांबा’ निघून गेलं. काकांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही.

“चूक छापणाऱ्याची आहे,” ते बाबांना म्हणाले. “नाव खोडा आणि तुमचं लिहा.”

बाबांनी भिंतीच्या नावावर एक सरळ रेघ मारली. खाली आपलं नाव लिहायला घेतलं. ते थांबत होते, श्वास घेत होते आणि पुन्हा लिहीत होते. आडनाव कडेपर्यंत गेलं, तरी मावलं. मला वाटलं, झालं. काकांनी पेनासाठी हात पुढे केला, पण बाबांनी पेन सोडलं नाही. दुसरं कार्ड द्या म्हणाले, माझं नाव छापलेलं.

“त्याचंही लिहायला हवं,” बाबा म्हणाले. “नाहीतर तो कायमचा राखीव राहील.”

काकांनी क्षणभर डोळे मिटले आणि दुसरं कार्डही बाहेर काढलं. बाबांनी ज्या नावासाठी इतकी वर्षं वाट पाहिली, त्या छापील नावावर स्वतःच्या हातानं रेघ मारली आणि खाली भिंतीचं नाव लिहायला सुरुवात केली. टेबलाचा एक पाय आखूड आहे, ते डुगडुगत होतं. दादा कोणी न सांगता खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तो पाय घट्ट धरून ठेवला.