एका डावातली दुसरी फेरी

"नियम तुम्ही विसरलात आणि बाहेर मी जाऊ? नाही देत चेंडू!"

बेसबॉलच्या भर मैदानात, चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, माउंडवर उभा राहून मी ओरडत होतो. हॅवरकॅम्प कोच नुसता हात पुढे करून उभा. एकाच डावात पिचिंग कोच दोनदा पिचरपाशी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यापाशी, आला, की पिचर बाहेर. हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि हा माणूस, सहा वर्षं स्वतः पिचर, एकोणीस वर्षं कोच, पाच गावच्या टीमा फिरलेला, दहा मिनिटांत दुसऱ्यांदा आला! तेही वरच्या क्लबची माणसं मला बघायला आलेली असताना.

"चेंडू दे, पोरा."

मी चेंडू त्याच्या पायाशी आपटला. प्रेक्षकांतून कोणीतरी कोचला बोंबललं, "लॉनी, घरी जा, नातवंडं सांभाळ!" सगळे खिदळले.

बाकावर मॅनेजर ब्रॅनिगन लालबुंद. "पोराला काढायचं नाही, तीनदा सांगितलं होतं. म्हातारचळ लागलाय तुला. उद्यापासून येऊ नकोस."

"बरं," कोच म्हणाला.

मला बरं वाटलं. दोन मिनिटं. मग डोक्यात आलं, येताना हा पांढऱ्या रेघेपाशी थांबला होता. रेघ ओलांडली की फेरी धरतात. त्यानं अंपायरकडे बघितलं, माझ्या कोपराकडे बघितलं, मग पाय टाकला. विसरलेला माणूस थांबेल कशाला?

कोपर तिसऱ्या डावापासून ठणकत होतं. पहिल्या फेरीत त्यानं विचारलंही होतं, "दुखतंय?" मी म्हटलं, "गुडघे दुखत असतील तुमचे. मला काय झालंय?" आमच्या सान क्रिस्तोबालहून शाळा सोडून इथं परदेशात आलेली सगळी पोरं असंच सांगतात. दुखतं म्हटलं की घरी पाठवतील, ही भीती. मॅनेजर मला काढेना, म्हणून यानं नियमालाच काढायला लावलं.

मॅच संपल्यावर त्याला गाडीपाशी गाठलं. "ब्रॅनिगनला सांगायचं ना!"

"काय सांगू? तू तर ठणठणीत."

"नोकरी गेली तुमची!"

"चारदा गेलीये. एकदा एका पोराला वेळेवर काढला नाही मी. तो आता ट्रक चालवतो. एका हातानं."

मी शिवी हासडली आणि तडक ब्रॅनिगनच्या खोलीत घुसलो. "कोपर दुखतंय. खोटं बोललो मी. कोचला काढू नका."

त्यानं फोन उचलून डॉक्टरची वेळ घेतली. "गाढवा," एवढंच म्हणाला.

आज सकाळी कोपराचा स्कॅन काढला. डॉक्टरसमोर आम्ही तिघं, मी, कोच आणि ब्रॅनिगन. डॉक्टर म्हणाला, "आतला, हाडं बांधून ठेवणारा पट्टा सुजलाय. तुटलेला नाही. अजून दहा-पंधरा चेंडू टाकले असतेस, तर तुटला असता. महिनाभर आराम."

मी तिथंच फरशीवर बसलो. कोचनं टोपी तोंडावर ओढली. खांदे हलत होते. रडत होता की हसत होता, देव जाणे.

ब्रॅनिगन म्हणाला, "लॉनी, पुढच्या वेळी आधी मला सांग."

"ऐकशील?"

"नाही ऐकणार. पण सांग. आणि चारला पुढच्या मॅचची बस आहे, उशीर करू नकोस."

आईला फोन केला, घरी पाठवत नाहीत असं सांगायला. ती तिकडं रडतेय, मी इकडं हसतोय. कोपर बर्फात आहे, म्हणून हे डाव्या हातानं लिहितोय, अक्षर बघू नका. अजून बरंच सांगायचं होतं, पण बसच्या दारातून कोच माझ्या नावानं शंख करतोय. निघतो.