एकविसावं पातेलं

बमरोलीहून रिक्षा बदलत बदलत भागीरथी कोसाडच्या पुढे, कालव्याकाठच्या त्या बागेपाशी पोचली तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते, आणि फाटकातून आत पाऊल टाकताच तिला आधी हसूच आलं, कारण समोर चक्क एक कमोड मांडलेला होता आणि त्यातून गुलबक्षी फुलून वर आली होती. शेजारी एक जुनी स्कूटर होती, तिच्या पाय ठेवायच्या जागेत पुदिना माजला होता. कुंपणाच्या तारेला उलटी हेल्मेटं टांगून त्यांत ऑफिस टाइमची फुलझाडं लावलेली, गमबुटांत मिरच्या, कपडे धुवायच्या मशीनच्या पिंपात अळू. या सगळ्यातून बदकांची एक रांग लग्नाला उशीर झाल्यासारखी घाईघाईनं चालली होती, सशांना कुणी विचारत नव्हतं, आणि एक कासव वाटेच्या मधोमध थांबून साऱ्या जगाचा खोळंबा करत होतं. सुरतेचं माणूस काही वाया जाऊ देत नाही हे भागीरथीला तीस वर्षांत चांगलं कळलं होतं, पण टाकलेल्या वस्तूंचे एवढे लाड तिनं कुठे पाहिले नव्हते.

हसू मात्र फार टिकलं नाही. हसायला ती आलीच नव्हती. शेजारच्या रुपालीनं मोबाइलवर या बागेचा व्हिडिओ दाखवला होता, आणि त्यात डोळ्याचं पातं लवेपर्यंत एका पातेल्यावरचं नाव दिसून गेलं होतं : चंचल. ते तिच्या लेकीचं नाव होतं, आणि गेल्या बारा वर्षांत तिच्या घरात ते कुणी घेतलं नव्हतं. भागीरथीला लेकीला एकदा पाहायचं होतं, चुकलं म्हणायचं होतं, आणि जमलंच तर तिच्या तोंडून 'माय' ऐकायचं होतं. खांद्यावरच्या कापडी पिशवीत तसंच एक पातेलं तिनं घरून आणलं होतं.

त्या पातेल्यांचं असं झालं. चंचलचं लग्न जमवायला घेतलं तेव्हा भाऊबंदांना वाटायला भागीरथीनं हौसेनं स्टीलची एकवीस पातेली घेतली आणि भांड्यांवर नावं टाकणाऱ्याकडून, टिंबाटिंबांच्या अक्षरांत, प्रत्येकावर 'चि. चंचल' एवढंच घालून घेतलं; नवऱ्या मुलाचं नाव आणि तारीख मागाहून टाकायची होती. ती राहिलीच. साड्यांना खडे लावायच्या कारखान्यातल्या एका परक्या जातीच्या मुलाचा हात धरून चंचल निघून गेली. भागीरथीचा नवरा त्याआधीच वारलेला, त्यामुळे शब्द चालायचा तो तिच्या दिराचा, भटूचा. तो म्हणाला, पोर मेली समज आणि तेरावं घाल. मग जिवंत पोरीचं तेरावं घातलं गेलं. तेराव्याला मेलेल्याच्या नावानं भांडी वाटायची रीत, म्हणून तीच पातेली पुन्हा नाव टाकणाऱ्याकडे गेली. तो बिचारा दोनदा विचारत राहिला, बाई, नक्की ना? आणि भागीरथीनंच, दुसऱ्या कुणी नाही, त्याला सांगितलं होतं, चि. खोड आणि कै. टाक. त्यानं चि.च्या टिंबांवरच कै.ची टिंबं ठोकली. वीस पातेली वीस घरांत गेली, आणि एकविसावं तिनं पिठाच्या डब्याच्या तळाशी पुरून ठेवलं.

त्याच दिवशी, पंगत उठत असताना, चंचल दारात येऊन उभी राहिली होती. कोण आलंय, असं भटूनं आतून विचारलं, आणि भागीरथीनं लेकीच्या डोळ्यांत डोळे घालून उत्तर दिलं होतं, "आठे कोनी नही." इथं कोणी नाही. पोर आल्या पावली मागे फिरली. ते तीन शब्द परत घेता आले असते तर भागीरथीनं त्यांच्यासाठी उरलेलं आयुष्य देऊन टाकलं असतं. पण तसं कुणी विचारायला आलं नव्हतं.

"आओ मासी, डरना मत," हातातली पाण्याची नळी बाजूला धरत बागेची मालकीण जागृतीबेन म्हणाली. "बकरी है, बस पल्लू खाती है."

भागीरथीनं पदर आवळून घेतला आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत नावाच्या भांड्यांचं विचारलं. जागृतीबेन तिला मागच्या कोपऱ्यात घेऊन गेली. तिथे एकेका विटेवर एकेक अशी वीस पातेली ओळीनं मांडलेली होती, आणि शेवटी एक वीट मोकळीच होती.

"एक छोकरी लाती है, हर इतवार," जागृतीबेन म्हणाली. "किसी के घर कोई गुजर जाए तो सामान भंगार में निकलता है ना, वहाँ से. आज इतवार है, आती ही होगी."

 लेक येणार होती. तोवर वेळ काढायचा म्हणून ती पातेली पाहू लागली, आणि एकेक ओळखू येऊ लागलं. पहिलं काठ चेपलेलं, भटूचं. त्यातला कढीपत्ता कमरेइतका वाढला होता. काठाला लाल नेलपॉलिशचा ठिपका असलेलं सखुबाईचं, ती मागच्या दिवाळीत गेली. नंतर भाऊबंदांतल्या आनंदाचं, तोही गेलेला. असं करत ती शेवटच्याशी पोचली, त्यात नुसती ओली माती होती. ते तिच्या सख्ख्या भावाचं, सुकदेवचं, ज्याला ती दहाच दिवसांपूर्वी अमळनेरच्या स्मशानात पोचवून आली होती. या साऱ्यांची मरणं तिला सुटी सुटी ठाऊक होती, ती अशी एका ओळीत तिनं कधी पाहिली नव्हती.

आणि वीसच्या वीस पातेल्यांवर 'चि. चंचल' होतं. कै. कुठेच नव्हतं. घासलेलं नव्हतं, खरवडलेलं नव्हतं. तिनं अंगठा फिरवून पाहिला, तर पत्रा कोरा गुळगुळीत.

"बेन, तुमने घिसा?"

"मैं काय को घिसूँ? ऐसे ही आते हैं. मैंने पूछा था तो बोली, अपने आप साफ हो जाता है." जागृतीबेननं मोकळ्या विटेकडे बोट दाखवलं. "बस, एक आना बाकी है, बोलती थी." आणि ती नळी ओढत हेल्मेटांकडे गेली.

भागीरथी तिथल्या बाकड्यावर बसली आणि पिशवीतून आपलं पातेलं काढून तिनं मांडीवर घेतलं. त्यावरचं कै. काल ठोकल्यासारखं ठसठशीत होतं. ज्या घरचं माणूस गेलं त्याच पातेल्यावरचं कै. पुसलं गेलं होतं, आणि यायचं बाकी होतं ते एक तिचं होतं. पातेलं पिशवीत घालून फाटकाबाहेर पडणं सोपं होतं. रिक्षाही समोरच उभी होती. पण आपल्या हातानं लेकीच्या नावाला लावलेला काळिमा असा निघून जाणार असेल तर जाऊ दे, असं तिला वाटलं, आणि ती अंगठा त्या टिंबांवरून हळूहळू फिरवत राहिली. फार दमल्यासारखं झालं. नळीच्या पाण्याचा आवाज लांब गेला. थोड्या वेळानं पाहते तो अंगठ्याखाली टिंबं लागेनात, आणि त्यांच्या जागी जुनं चि. दिसत होतं, पहिल्या दिवशी होतं तसं. "बेन, देखो," तिनं आनंदानं हाक मारली. दहा पावलांवरच्या जागृतीबेननं वर पाहिलं नाही. बदकं मात्र रांग मोडून आली आणि भागीरथीच्या पायांभोवती निमूट बसली.

फाटक वाजलं. चंचल आली. अंगानं भरली होती, पण कपाळावरची आडवी आठी अजून बापाचीच होती. ती सरळ बाकड्यापाशी आली, आणि बारा वर्षं साठवलेलं भागीरथी एका दमात बोलली, "चंचल, तुनी माय चुकनी व." चंचलनं वाकून तिच्या मांडीवरचं पातेलं उचललं, नाव वाचलं, ते मोकळ्या विटेवर ठेवलं आणि ती ओंजळीनं त्यात माती भरू लागली.

"चंचल, बाकडे पे कौन है?" जागृतीबेननं लांबून विचारलं. "कोई मासी आई थी ना?"

चंचलनं मान वर केली. तिनं आईच्या डोळ्यांत पाहिलं, त्या दिवशी दारात जेवढं पाहिलं होतं तेवढाच वेळ, आणि मग जागृतीबेनला कधीच न कळणाऱ्या बोलीत उत्तर दिलं.

"आठे कोनी नही," ती म्हणाली, आणि पातेल्यात बी टाकून तिनं वर माती सारली.