मी जपलेली देखणी यादी

टापटीप साहेबांचा फायदा काय होता, ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचा हिशेब लागायला सोपं जाईल. दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळची एक खोली रिकामी झाली होती. आत रेलून बसलं की मागे झुकणारी खुर्ची होती आणि दारावर आधीच्या पाटीचे चार खिळे तसेच होते. तपासणीचं पथक खूश होऊन गेलं, की त्या खिळ्यांवर साहेबांची पाटी लागणार होती. एवढंच. माणसं याहून कमी गोष्टींसाठीही जिवाचा आटापिटा करतात, तेव्हा साहेबांना हसू नका.

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. काळी, खिशात मावेल एवढी, एका कोपऱ्याला पोचा आलेली. सध्या मी टेबलाच्या खालच्या खणात पडून असते. शेजारी संपलेली पेनं आहेत, मेलेल्या बॅटऱ्या आहेत आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या आहेत. संगत बरी आहे. कुणी कुणाला काही विचारत नाही.

माझा जन्म अशा कारखान्यात झाला, जिथे धुळीचा एक कण दिसला तरी घरात चोर शिरल्यासारखी धावपळ होते. माझ्या पोटात आरशासारखी तबकडी बसवली. एक बारीक टोक तिच्यावर न टेकता फिरतं आणि सांगाल ते लिहून ठेवतं. लिहिलेलं खरं की खोटं, हे मात्र मला कुणी शिकवलं नाही. मी फक्त जपते.

मला विकत आणलं ते एका डायलिसिस केंद्राने. ज्यांच्या किडन्या थकल्या आहेत, त्यांचं रक्त यंत्रातून स्वच्छ करून परत देणारी ही जागा. लोक आठवड्यातून दोन-तीनदा येतात, तासन् तास खाटेवर पडून राहतात, आणि त्यामुळे तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. कॉम्प्युटर सांभाळायच्या त्या ताई. त्यांनी स्प्रेडशीटमध्ये एक यादी बनवली होती. प्रत्येक ओळीत एक माणूस: नाव, रक्तगट, वजन आणि शेवटच्या रकान्यात 'चालत नाहीत अशी औषधं'. ज्याला एखादं औषध घातक होतं, त्याचा तो चौकोन ताईंनी लालभडक करून ठेवला होता.

दर शनिवारी ताई मला कॉम्प्युटरला जोडायच्या. यादीची नक्कल माझ्यावर ठेवायच्या, नावात त्या दिवसाची तारीख घालायच्या आणि जुनीला हात न लावता नवी ठेवायच्या. मग ती नक्कल उघडून मधल्याच दोन-चार ओळी कागदांशी ताडून बघायच्या. शेवटी मला काढून पिशवीत, डब्याशेजारी ठेवायच्या आणि घरी न्यायच्या.

"ताई, डिस्कला आज भाजी आवडली का हो?" थोरल्या सिस्टर चिडवायच्या.

"हसा, हसा! कॉम्प्युटर बसला की रडत माझ्याच दारात याल."

आणि एकदा तो बसलाच. छतातून पाणी गळलं, थेट त्याच्या डोक्यावर. ताईंनी मला जोडलं आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत सगळी यादी परत उभी राहिली. तेव्हा केंद्राचा कारभार बघणाऱ्या टापटीप साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटून घेतली. कुणाची, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्या यादीतल्या एका लाल चौकोनाचे मालक होते बसवाले आजोबा. जन्मभर बस चालवलेली. सुई टोचायची वेळ आली की म्हणायचे, "सिस्टर, ब्रेक जरा हळू दाबा, मागे म्हातारी उभी आहे." मागे खरंच आजी उभ्या असायच्या आणि दर वेळी म्हणायच्या, "इश्श, गप्प बसा हो!"

तपासणी ठरली आणि नेमके ताईंचे वडील आजारी पडले. ताई रजेवर निघाल्या तेव्हा साहेब म्हणाले, "डिस्क इथेच ठेवून जा. पथकाला बॅकअप दाखवायचाय." ताईंनी मला पिशवीतून परत काढलं, क्षणभर हातात धरलं आणि टेबलावर ठेवलं.

साहेबांनी यादी उघडली. अक्षरं सारखी केली, रकाने सारखे केले, एकाआड एक फिक्या निळ्या पट्ट्या रंगवल्या. मग लाल चौकोन पुसायला घेतले.

"साहेब, लाल आम्हाला लागतो," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "ताई येऊ द्या की."

"डोळ्यांत खुपतो तो. लिहिलेलं आहे ना तिथे? मग रंग कशाला? तुम्ही सुया सांभाळा, मी रंग सांभाळतो."

आता एकच खोट उरली होती. नावं अकारविल्हे नव्हती. साहेबांनी फक्त नावांचा रकाना निवडला आणि क्रम लावायला सांगितलं. कॉम्प्युटर बिचारा शहाणा. त्याने विचारलं, शेजारचे रकानेही सोबत हलवायचे का? "नको रे बाबा," साहेब पुटपुटले, "माझे पट्टे विस्कटतील." आणि त्यांनी 'नाही' दाबलं.

मित्रांनो, वर्गातल्या मुलांना उंचीप्रमाणे नव्या बाकांवर बसवावं आणि दप्तरं मात्र जुन्याच बाकांवर राहू द्यावीत, तसं झालं. नावं हलली. औषधं जागच्या जागी राहिली. यादी इतकी देखणी दिसत होती, की कुणाला काही वाटलंच नाही.

मग साहेब माझ्याकडे वळले. "एकाच फाइलच्या इतक्या नकला? घर आहे की भंगाराचं दुकान?" त्यांनी मला संपूर्ण पुसून कोरं केलं आणि ती एकच सुंदर यादी माझ्यावर ठेवली. छापील प्रत खाटांजवळच्या भिंतीवर लागली. पथक आलं, पट्टे बघून मान डोलावून गेलं.

त्यानंतर लगेचच बसवाले आजोबा तापाने फणफणत आले. थोरल्या सिस्टरची सुट्टी होती. डॉक्टरांनी फोनवरून इंजेक्शन सांगितलं, "यादी बघून द्या" असंही सांगितलं. नुकत्याच रुजू झालेल्या नव्या सिस्टरनी आजींना खाली रिपोर्ट आणायला पाठवलं आणि भिंतीवर बघितलं. आजोबांच्या नावासमोर होतं, 'काही नाही'. तरी पोरीने विचारलं, "आजोबा, कुठलं औषध चालत नाही तुम्हाला?"

ग्लानीतही म्हातारा आपल्या वळणावर गेला. "मला सगळं चालतं गं. फक्त चढण चालत नाही."

ती हसली. इंजेक्शन दिलं.

आजी रिपोर्ट घेऊन वर आल्या तेव्हा खाटेभोवती गर्दी होती. "कुठलं दिलंत?" त्यांनी विचारलं, आणि नाव ऐकून रिपोर्ट हातातून गळाला. "अहो, ते नाही चालत त्यांना! लाल चौकोनात लिहिलंय तुमच्याकडे. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय!"

आजोबा परत उठले नाहीत.

ताई रजा अर्धवट सोडून धावत आल्या. यादीत आणखी कुणाकुणाची अदलाबदल झाली आहे, ते त्या क्षणी कुणालाच माहीत नव्हतं आणि खाटांवर माणसं पडलेली होती. त्यांनी मला जोडलं. "माझ्या शनिवारच्या फायली?"

"कचरा झाला होता, काढला," साहेब म्हणाले. "पण बॅकअप आहे ना."

ताईंनी उघडलं. तेच निळे पट्टे. "साहेब, ही नक्कल नाही हो. चूकच दोनदा जपून ठेवलीय."

मग जुने कागद धुंडाळत, खाटेखाटेपाशी बसून एकेकाला विचारत यादी पुन्हा लिहावी लागली. ज्यांना बोलता येत नव्हतं, त्यांच्या घरी फोन गेले. काहींची उत्तरं कधीच मिळाली नाहीत. त्यांना औषध देण्याआधी सिस्टर अजून डॉक्टरांना दोन-दोनदा विचारतात म्हणे.

मित्रांनो, तुमच्या फायली सुंदर करा, माझी हरकत नाही. पण रंगवण्याआधी नक्कल काढा, तिच्यावर तारीख घाला, ती उघडून वाचा आणि दुसऱ्या जागी नेऊन ठेवा. कॉम्प्युटरने काही विचारलं, तर उत्तर देण्याआधी प्रश्न वाचा. कोऱ्या तबकडीला पश्चात्ताप करूनही काही आठवत नाही.

आता हिशेब. यादीच्या कोपऱ्यात 'तयार करणार' म्हणून ताईंचंच पद छापलेलं होतं, म्हणून चौकशीत जबाब त्यांनी दिला आणि नोकरीही त्यांचीच गेली. जाताना त्या म्हणाल्या, "मी डिस्क ठेवून जायला नको होती," आणि मला या खणात ठेवून गेल्या. नव्या सिस्टरनी सुई हातात घेणंच सोडलं. आजी एकदा आजोबांची शाल न्यायला आल्या, भिंतीजवळ थांबल्या आणि विचारलं, "तो लाल रंग कुणी पुसला?" थोरल्या सिस्टर वाकून सुया मोजू लागल्या. शाल घेऊन त्या एकट्याच जिना उतरल्या. खिडकीजवळची खोली साहेबांना मिळाली, पाटीही त्याच चार खिळ्यांवर लागली. किंमत भरणाऱ्यांची यादी मी पुन्हा पुन्हा चाळते. तिच्यात साहेबांचं नाव कुठल्याच ओळीत सापडत नाही.