पहिल्या नंबरचे नेत्रगुरू

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावरून नेत्रगुरू म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवूच नका. मोबाइल काढा, 'डोळ्यांचा सच्चा उपचार' असं लिहा आणि यंत्राला विचारा. यंत्रात काही माझा मेहुणा बसलेला नाही."

शेकडो बोटं चालली. प्रत्येक पडद्यावर पहिलं नाव गुरूंचंच. लोक थक्क झाले आणि मंतरलेल्या पाण्याच्या बाटल्यांसाठी रांग लागली.

रांगेत मावशी होती. तिला काचबिंदू होता. तिच्यासोबत आलेल्या भाचीला ती सहज म्हणाली, "डॉक्टरांचे थेंब बंद केलेत मी. तुझंच यंत्र सांगतंय ना?"

वेबपानं लिंक देऊन एकमेकांकडे कशी बोट दाखवतात आणि त्यावरून शोधयंत्र कुणाला वर बसवतं, हाच भाचीच्या संशोधनाचा विषय होता.

"मावशी, शोधयंत्राला डोळ्यांतलं काही कळत नाही. ज्याच्याकडे पुष्कळ पानं बोट दाखवतात, त्याला ते शहाणा समजतं."

"मग एवढे बोट दाखवणारे काय वेडे आहेत?"

प्रश्न रास्त होता. भाची प्रयोगशाळेत जाऊन त्या बोट दाखवणाऱ्यांच्याच मागे लागली. त्यात केसांच्या तेलाची पानं होती, भाड्याच्या घरांची, कुत्र्याच्या पिल्लांचीसुद्धा. सगळी एकाच पत्त्यावरची, एकाच मजकुराची, एकमेकांची पाठ थोपटणारी. बाहेरचं कुणी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं. गुरूंनीच पैसे देऊन उभी केलेली ही गर्दी होती.

तिने या जाळ्याचं चित्र काढून मावशीपुढे धरलं.

"कडेचं काही दिसत नाही गं," मावशी म्हणाली. "येईल, पाण्याने नजर हळूहळू येईल."

आता मात्र भाची इरेला पेटली. तिनेही तसलीच पोकळ पानं उभी केली.

पुढच्या सभेत गुरूंनी पुन्हा मोबाइल काढायला लावले. आधी कुजबुज झाली, मग हशा पिकला. पहिल्या नंबरवर सभागृहासमोरचा दिव्याचा खांब होता, फोटोसकट. 'रोज हात लावा, नजर लख्ख होईल.'

"यंत्राची चूक आहे ही," गुरू म्हणाले.

मावशी उभी राहिली. "मागच्या वेळी ते चुकत नव्हतं ना?"

गुरू पाण्याचा घोट घेत राहिले. भाचीने पुढे येऊन खांब कसा वर चढवला ते सांगितलं, मग गुरू कसे चढले तेही. आपली पानं तिने तिथल्या तिथे पुसली. तरी बाहेर पडताना दोघा-तिघांनी खांबाला हात लावलाच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मावशीला तपासलं. "गेली ती नजर परत येणार नाही. उरलेली थेंबांनी टिकेल."

मावशीने दवाखान्यातच डोळ्यांत थेंब घालून घेतले. शेजारच्या बाकावरच्या बाई मोबाइलमध्ये उपाय शोधत होत्या. मावशी त्यांना म्हणाली, "पहिला कोण आलाय ते नंतर बघा, बाई. त्याला पहिला कुणी आणलाय, ते आधी विचारा."