मला आडवीच राहू द्या

मी एक जुनी लाकडी भिंत आहे. भिंत कसली, सुताराने फळ्या जोडून ठोकलेला आडोसा! यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मला उभे केले. माझ्या एका बाजूला ऑफिसातले लोक जेवत, दुसऱ्या बाजूला यंत्रांवरचे कामगार. सुताराने रंधा मारून मला इतके गुळगुळीत केले होते, की येणारा-जाणारा हात फिरवी. खोटे कशाला बोलू, मला त्याचा तोरा होता.

पुढे कॅन्टीन नवे झाले. फरशी बदलली, पंखे आले, मला काढून कोपऱ्यात टेकवले. "बघा, किती बदल झाला," मालक म्हणाले. मित्रांनो, बदल फरशीत झाला होता. माणसे जिथल्या तिथेच बसत होती. मी नव्हते, तरी माझी जागा कोणी ओलांडत नव्हते.

अशात लेथवर काम करणाऱ्या काकांची मुलगी ऑफिसात लागली. नोकरी कच्ची होती. पक्की व्हायची तर हेडक्लार्कची शिफारस हवी. पहिल्याच दुपारी ती डबा घेऊन वडिलांकडे निघाली.

"तुमची जागा इकडे आहे," हेडक्लार्क म्हणाले.

ती थांबली, नेमकी माझ्या जागेवर. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. कोपऱ्यात माझाही जीव टांगणीला लागला.

"जा बाळा तिकडे," काका खाली मान घालून पुटपुटले. "हातची नोकरी जाईल."

"घरून डबा एकच आणलाय ना बाबा? सरका जरा."

ती बसली. हेडक्लार्क ताडकन उठले. आता हिचे काही खरे नाही, असे मला वाटले. तेवढ्यात ऑफिसातल्या सर्वांत जुन्या टायपिस्टमावशी आपला डबा उचलून तिच्या शेजारी येऊन टेकल्या.

"इकडे वारा बरा लागतो," त्या म्हणाल्या.

मग आणखी दोघांना उकडू लागले.

हेडक्लार्कनी शिफारस अडवलीच. दोन्हीकडच्यांनी मिळून मालकांना गाठले, तेव्हा कुठे तिची नोकरी पक्की झाली. हेडक्लार्क मात्र निवृत्त होईपर्यंत एकटेच जेवले. त्यांची मला कीव येई.

सगळे एकत्र बसू लागल्यावर एक टेबल पुरेना. त्याच सुताराने मला आडवे करून पाय ठोकले. आता दोन्हीकडचे डबे माझ्यावर उघडतात. माझा एक पाय डुगडुगतो, अंगावर डाग पडलेत, पण कोणाचे लक्ष नाही. त्याचे वाईट वाटते.

मित्रांनो, सांडलेले तेवढे पुसत जा, पाय घट्ट करा. आणि आपसांत कितीही भांडलात, तरी मला पुन्हा उभी करू नका.