कढईतला देवाचा हात

उकंडरावाच्या शेतात हळद शिजत होती, अन् कढईभोवती सारं गाव लोटलं होतं. हळदीबाबानं झोळीतून ‘देवाचा हात’ काढला. जाड, पांढरा, बोटं मुठीत वळलेली. चिमट्यानं त्यानं तो उकळत्या पाण्यात धरला. एकेक बोट हळूहळू उलगडलं, पंजा सरळ झाला.

“देवाचं बोट उघडलं, तसं भक्ताचं उघडंन! रोग वितळंन! त्या गोळ्या फेका नाल्यात!”

जयजयकाराला काय तोटा!

अंजना माझी धाकटी बहीण, उकंडरावाची बायको. तिला कुष्ठरोग, दोन बोटं आत वळलेली. दवाखान्याच्या गोळ्यांनी रोग थांबला होता. बाबाच्या नादी लागून तिनं गोळ्या सोडल्या, हे कानावर आलं अन् मी रिसोडची शाळा टाकून एसटीनं निघालो. गर्दीतून वाट काढेस्तोवर तिचा हात कढईत गेला होता.

ती हूं की चूं करत नव्हती.

“पाहा, देवाचं पाणी पोळत नाही!” बाबा गरजला. उकंडराव आनंदानं रडत होता.

मी हात ओढून काढला. लालभडक.

“दुखते का अंजना?”

“नाही दादा, कायीच नाही. देव पावला ना मले?”

मला राग यायला हवा होता. आलाच नाही. आतून सारं बधिर झालं होतं. तिचा हात गार पाण्याच्या बादलीत घातला अन् बाबाकडे वळलो.

“महाराज, पुन्हा दाखवा.”

“देवाले एकदाच विचारतात, मास्तर!”

आमच्याकडे रीतच तशी. कौल एकदा मिळाला की पुन्हा मागणारा पापी. या रीतीवरच तर बाबाचं पोट चालत होतं.

“काहून? देवाले गाडी पकडाची हाय का?”

मी चिमटा हिसकला. तो पंजा गरम अन् मऊ होता. फडक्यानं धरून बोटं मुठीत वळवली, गार पाण्यात बुडवली. मूठ तशीच राहिली. कढईत सोडली, उघडली. मग चिमटा उकंडरावाच्या हाती दिला. त्यालाही जमलं.

“मंत्र कोनता म्हनला, उकंडराव?”

“कोनताच नाही,” तो पुटपुटला.

आम्ही करतच राहिलो. हळूहळू करंगळी पुरती उघडेना. मग बाकीची बोटंही अर्धवट वाकडी राहू लागली.

“देव थकला काय रे?” म्हातारी तुळसाबाई म्हणाली. तोवर बाबा झोळी घेऊन बांधापलीकडे गेला होता.

“देव नाही, प्लास्टिक हाय,” मी म्हणालो. “सपाट तुकड्यातून कापलेलं. तापवून वाकवलं अन् गार केलं की वाकलेलं राह्यते, पुन्हा तापलं की मूळच्या आकाराकडे परतते. सारखं सारखं केलं की ते परतनंही कमी होते. अंजनाचं बोट प्लास्टिक नाही. तिले पोळलं नाही, कारन रोगानं तिच्या हाताची जाणीवच खाल्ली. उरलेली बोटं गोळ्याच वाचवतीन.”

उकंडरावानं बैलगाडी जुंपली. दवाखान्याच्या वाटेवर तिच्या हातावर टरारून फोड आले.

“दादा, दुखलं असतं तर मीच हात काढला असता ना?”

“हो.”

उकंडरावानं बैल दामटले.

ज्याला दुखणं कळत नाही, त्याच्यासाठी जवळच्यांनी तरी विचारायचं असतं. कोणी चमत्कार दाखवला तर म्हणा, पुन्हा दाखव. पण आपल्या माणसाचा हात कढईत जाण्याआधी म्हणा.